देवीला राक्षस पाहिजे

"राक्षसांचे सगळे मुखवटे जाळून टाका," फत्तेराव राजानं हुकूम सोडला. "देवांचे तेवढे ठेवा."

हे डोकं राजाचं नव्हतं. राजाला स्वतःचं डोकं पगडी ठेवण्यापुरतंच. खूळ भरवलं विमलस्वामींनी. स्वामी नवेच आलेले. सोवळं इतकं कडक की स्वतःच्या सावलीवरही पाणी शिंपडायचे. गावात बोहाडा चाललेला. म्हणजे लाकडी मुखवटे घालून देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचवायची. ते पाहून स्वामींनी कपाळावर हात मारला. देवाच्या उत्सवात राक्षस नाचतो म्हणजे काय!

शिपायांनी घरोघरचे राक्षस उचलून राजवाड्यासमोर ढीग घातला. त्यात नवशाच्या घरचा महिषासुरही गेला. नवशाच्या पणज्यानं तो कोरलेला, आणि तेव्हापासून त्या घरचा पुरुष तो घालून दर वर्षी देवीच्या हातून मरायचा. आता नवशा ओट्यावर असा बसला, जसं काही घरातलं माणूस गेलंय. त्याची लेक चिंधी मात्र उठून थेट राजाकडे गेली.

"सरकार, ढीग कधी पेटवणार?"

"उद्या. देवीची मिरवणूक झाली, माझा उपास सुटला, की लगेच."

"म्हणजे देवी नाचवायची?"

"नाचवायची म्हणजे? रीत आहे ती. रीत मोडायची नाही."

"बरं," असं म्हणून चिंधी घरी आली, भाकरी खाल्ली आणि घोरत झोपली.

सकाळी संबळ वाजला. मुखवटा चढवून, तलवार परजत देवी चौकात आली. एक फेरी झाली, दुसरी झाली, ऊन चढलं तरी देवी आपली फिरतेच आहे. मुदपाकखान्यातून तुपातल्या पुरणपोळीचा वास यायला लागला. राजाच्या पोटात कावळे कोकलायला लागले.

"अरे, आता उतरवा की मुखवटा!"

"कसा उतरवणार, सरकार?" चिंधी पुढं झाली. "महिषासुर पडल्याशिवाय देवीचा मुखवटा उतरत नाही. आणि तो उतरल्याशिवाय तुमचा उपास सुटत नाही. रीत आहे ती."

राजानं स्वामींकडे पाहिलं. स्वामी म्हणाले, "त्यात काय? राक्षस मेला असं मनातल्या मनात समजायचं."

"चालेल," चिंधी म्हणाली. "मग सरकारांनी पुरणपोळीही मनातल्या मनात खावी."

राजाचा चेहरा पडला. स्वामी घाईनं म्हणाले, "मग उभा करा कुणीतरी माणूस. मुखवटा कशाला हवा?"

"करते की. पण मुखवटा असला की लोक लाकडाला राक्षस म्हणतात. उघडं तोंड दिसलं की त्या तोंडालाच म्हणतील, आणि वर्षभर म्हणतील. पाणवठ्यावर बाया बघून हसतील. दिवाणजी, तुम्ही येता?"

दिवाणजींचा गुडघा एकाएकी दुखायला लागला. खजिनदारांना जोड्यातला खडा सापडेना. शिपाई आभाळात घारी बघायला लागले. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं.

"मग स्वामीच उरले," चिंधी म्हणाली. "सोवळ्यातलं माणूस. देवीला पण बरं वाटेल."

"मी? माझ्या तोंडाला राक्षस म्हणायचं?"

"नको तर नको. कुणाच्या तोंडाला म्हणायचं तेवढं सांगा, त्याला बोलावते."

स्वामींनी सगळ्या चौकावर नजर फिरवली. ज्याच्याकडे पाहावं तो खाली मान घालतो. देवी तलवार फिरवत जवळ आली, तसे स्वामी दोन पावलं मागं सरले आणि बारीक आवाजात म्हणाले, "तो... लाकडाचाच आणा."

राजा असा हसला की पगडी घरंगळली. "नवशा, घाल तुझा मुखवटा! आणि लवकर मर रे बाबा, भूक लागलीय!"

ढिगातले राक्षस आपापल्या घरी गेले. नवशा मात्र पणज्याच्या थाटात, चांगला सावकाश, तडफडत मेला. राजा हातावर हात चोळत थांबला, हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं चिंधीला पाटावर बसवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "दर वर्षी उपास सुटला की पहिलं पान महिषासुराच्या घरचं. त्यानंतर माझं. आणि स्वामी, आजचं वाढायला तुम्ही उठा."