बुडालेली वाटी

फार पूर्वी, घराघरांत घड्याळं नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका राजाच्या गावात घटका मोजणारा एक माणूस होता. वेशीवरच्या चौकीत पाण्यानं भरलेलं मोठं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, आणि वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. पाणी आत शिरून वाटी बुडाली की एक घटका झाली. मग हा टोल हाणायचा, वाटी काढून रिकामी करायचा आणि पुन्हा पाण्यावर सोडायचा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तीस वेळा, आणि असं बत्तीस वर्षं! सगळा गाव त्याला घटकेबुवा म्हणायचा. त्याचं खरं नाव कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

एके दिवशी दर्यापारच्या एका व्यापाऱ्यानं राजाला एक यंत्र नजर केलं. ते आपलं आपण चालायचं आणि आपलं आपण टोल द्यायचं.

दिवाणजींनी बुवाला बोलावलं. म्हणाले, "बुवा, तुमची काही चूक नाही हो. पण आता गरज उरली नाही."

हातात शाल दिली, नारळ दिला, जुनी वाटी आणि घंगाळही देऊन टाकलं. आपल्याकडे नारळ पाहुण्यालाही देतात आणि निरोपालाही. बुवाला वाटेत तो इतका जड झाला, की दोनदा खाली ठेवावा लागला.

घरी आल्यावर त्यानं ओसरीवर घंगाळ भरलं आणि सवयीनं वाटी सोडली. वाटी बुडाली. टोल द्यायला हात उचलला, तर समोर नुसती भिंत! हात तसाच खाली आला. मग त्यानं ती वाटी काढलीच नाही. तळाशी गेली, ती तिथंच राहिली.

दिवसामागून दिवस गेले. पाण्यावर शेवाळ धरलं. बुवा भिंतीला टेकून बसायचा आणि वेशीवरचे टोल मोजायचा. मनात एकच आशा: आज ना उद्या ते यंत्र बंद पडेल, मला बोलावणं येईल. पण मेलं ते यंत्र काही बंद पडेना! शेजारीपाजारी येऊन सांगायचे, "बुवा, जे होतं ते बऱ्यासाठीच." अरे, पोट दुखणाऱ्याला ओवा द्यावा, उपदेश कसला देता? बुवाचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, मग चार घासांवर.

अशात खालच्या शिवारातला एक शेतकरी दारात आला.

"बुवा, पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांवरून आमच्यात काठ्या निघाल्यात. वेशीवरचा टोल तिथवर ऐकू येत नाही. कुणी घटका मोजून दिल्या, तर भांडणं मिटतील. धान्याचा वाटा देऊ."

"राजाच्या दारचा माणूस मी," बुवा म्हणाला. "मी चिखलात बसू?"

शेतकरी खाली मान घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बुवानं ताटच बाजूला सारलं. बायकोनं ते पुन्हा पुढे सरकवलं.

"अहो, दोन घास तरी खा."

"कुणासाठी खाऊ? घटकेबुवा मेला. आता मी कोण आहे, सांग ना!"

त्या काळी बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. तिनं ते आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उंबऱ्यावर बायकांनी अडवलं तेव्हा. आज अडवायला कुणी नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली,

"घंगाळाच्या पाण्यात बुडाली वाटी,
केरोबांचं नाव घेते, त्यांना उठवण्यासाठी."

केरोबा तिच्याकडे बघतच राहिला. आपल्याला हेही नाव आहे, हे तो विसरूनच गेला होता. मग तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. तिनं त्याला रडू दिलं. पुष्कळ वेळानं त्यानं शेवाळलेल्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, वाटी वर काढली आणि चिंच लावून घासायला बसला.

सकाळी तो खालच्या शिवारात गेला. पाटाच्या कडेला घंगाळ मांडलं. टोल नव्हता, म्हणून काशाची जुनी थाळी वाजवली. पहिली पाळी संपली आणि पाणी मुकाट्यानं शेजारच्या वावरात वळलं.

दुःख काही सरलं नाही बरं! वाऱ्यावर कधी वेशीवरचा टोल चुकून ऐकू आला, की आतून अजून गलबलायचं. पण तेवढ्यात वाटी बुडायची आणि हात पाण्यात जायचा.

एक नवखी म्हातारी पाटावर पाणी भरत होती. तिनं विचारलं, "बाबा, नाव काय तुमचं?"

त्यानं वाटी रिकामी केली, पुन्हा पाण्यावर सोडली आणि म्हणाला, "केरोबा."

तात्पर्य इतकंच: काम गेलं तर खुशाल रडावं, पण कामाबरोबर स्वतःला बुडवू नये. बुडालेली वाटी आपली आपण वर येत नाही, हात घालून काढावी लागते.