साहेबांच्या नावाची पाटी

कारखान्याच्या खरेदी खात्यातले कारकून दिगंबर केळुसकर यांचं यंत्रज्ञान घरात खिळा ठोकण्यापुरतंच होतं, आणि भिंतीची चाळण झाल्यावर तो हक्कही बायकोने काढून घेतला होता. तरी अतिकठीण कार्बाइडच्या स्पॉटिंग ड्रिलची मागणी घेऊन सरंजामेसाहेबांपुढे उभं राहणं त्यांच्याच नशिबी आलं. मागणी फेटाळली गेली असती, तर वाया जाणाऱ्या प्रत्येक पोलादी प्लेटचा जाब त्यांनाच द्यावा लागला असता.

"हे ड्रिल भोक पाडतं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. कडक पोलादावर नुसता खळगा करतं. मग लांब ड्रिल घसरत नाही, भोक जागेवर पडतं."

"म्हणजे कामाला हात लावायचा आणि बाजूला व्हायचं. असा एक माणूस तुमच्या खात्यात आहे, तेवढा पुरे."

केळुसकरांना स्वतःचं हे वर्णन मनापासून पटलं. मागणीच्या कागदाची घडी करताना त्यांची नजर टेबलावर गेली. साहेबांच्या नावाची चकचकीत पोलादी पाटी स्क्रूची भोकं पाडून घेण्यासाठी तयार होती. त्यांनी ती अदबीने उचलली.

"मग हिच्यापासूनच सुरुवात करतो साहेब. थेट भोक पाडायला सांगतो. ड्रिल घसरलं तरी फार लांब जाणार नाही, आपल्या नावावरूनच जाईल."

साहेबांनी पाटी त्यांच्या हातातून काढून घेतली, रुमालाने पुसली आणि मागणीचा कागद परत मागून त्यावर सही केली.

"आधी ती ड्रिलं येऊ द्या," ते म्हणाले. "पाटी तोवर इथेच राहील."

विजयाच्या भरात केळुसकर घरी गेले आणि घड्याळ टांगायला त्यांनी खिळा काढला. हातोडी मात्र बायकोने केव्हाच शेजारी ठेवायला दिली होती.