पाळण्याला लावायचं तेल

“त्या पाळण्याला म्हणे कीड लागलीय. आता त्यात पोर घातलं की…”

एका खाडीकाठच्या गावात, विहिरीवर, एवढंच बोलणं झालं होतं. तेवढ्यात धाकोबा होडीवाला पाण्याला आला आणि बायका एकदम घागरी घासायला लागल्या. पुढचं त्याला कोणी सांगेना.

बोलणं धाकोबाला झोंबलं, आणि झोंबणारच. गावात फणसाच्या लाकडाचा एकच पाळणा होता. ज्या घरी बारसं, त्या घरी तो जायचा. एरवी धाकोबाच्या पडवीत असायचा. अख्खं गाव त्यातच निजून मोठं झालेलं. आता धाकोबाची लेक वासंती माहेरी बाळंत झाली होती आणि चार दिवसांनी तिच्या मुलीचं बारसं होतं. आजोबाच्याच घरी पाळणा रिकामा राहिला, तर पुढे त्याला हात कोण लावणार?

धाकोबाने डिंबेलाचा डबा काढला. डिंबेल म्हणजे काजूच्या टरफलांचं काळं, जहाल तेल. होडीला ते फासलं की खारं पाणीही लाकडाचं काही वाकडं करत नाही. धाकोबा नाक्यावर सांगूनही आला, की पाळण्याला असं डिंबेल चढवतो की नातीच्या नातीपर्यंत किडा फिरकायचा नाही.

पाळणा ज्या चौकटीला टांगतात, तिचे पाय त्याने आधी रंगवले. शेजारच्या रत्नावहिनी मधल्या दगडी गडग्यावरून बघत होत्याच. बघितल्यावाचून त्यांना राहवतंय कुठे.

“भावोजी, होडीचंच ना हे?” त्या म्हणाल्या. “मग पोरीच्या हातात वल्हंही द्या.”

“लाकूड ते लाकूड, वहिनी. किडा होडी बघत नाही नि पाळणा बघत नाही.”

इतक्यात वासंती बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन आली. बाबा, जरा धरा हिला, मी दुपटं आणते, म्हणाली. धाकोबाने हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. हात काळेकुट्ट होते, बोटांची सालं निघत होती. जन्मभर डिंबेलात बुडून ते निबर झालेले. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण बाळाचा गाल लोण्यासारखा होता.

“वहिनी, तुम्ही घ्या हिला,” तो हळूच म्हणाला. “माझ्या हातात नको.”

नाक्यावर मारलेली बढाई गिळणं सोपं नव्हतं. शेवटी त्याने डब्याला झाकण लावलं. ओल्या जमिनीवर टेकणारे पाय डिंबेलाचेच ठेवले. पाळणा मात्र चांगला उन्हात तापवला, फळी न् फळी तपासली आणि खोबरेलात मेण वितळवून ते चोळून चोळून जिरवलं.

हे काही जन्माला पुरायचं नाही, असं वहिनी म्हणाल्याच.

“नाही पुरणार,” धाकोबा म्हणाला. “दर वर्षी चोळायचं. पोरीला तरी आपण एकदाच तेल लावून सोडतो काय?”

बारशाला आलेल्या बायकांनी पाळणा उलटापालटा करून पाहिला. कीड होती, हे खरं. पण ती चौकटीच्या एका पायात होती, आणि तिथे डिंबेल पोचलं होतं. पाळण्याच्या अंगाला एकही भोक नव्हतं. वासंतीने लेकीला आत निजवलं आणि पहिला झोका रत्नावहिनींनीच दिला.

तात्पर्य: राखणारं औषध किती जहाल, एवढंच पाहू नये, ज्याला ते लावायचं, त्याच्या कुशीत कोण निजणार आहे, तेही पाहावं.