पुलाची बारीक तार

फार जुनी गोष्ट. एका दरीवर झुलता पूल होता. वारा सुटला की तो इतका थरथरायचा, की आपल्यावरून जाणाऱ्या माणसांच्या काळजीनं त्याचा जीव अर्धा व्हायचा.

एकदा कारागिरांनी त्याच्या पोलादी दोराशेजारी एक बारीक तार बसवली. दोर हसला. "ताण बसला की तू लांबतेस. तुझा कसला आधार?"

"लांबते खरी," तार म्हणाली, "पण माझं मूळ माप मी विसरत नाही."

चारच दिवसांत वादळ आलं, आणि नेमकी तेव्हाच एका अडलेल्या बाईची डोली पुलाच्या मध्यावर होती. दोर ताठ राहिला, पण वाऱ्याचा प्रत्येक हिसका तसाच पुलाच्या अंगात शिरत होता. तार मात्र हिसक्यासरशी लांबायची, त्याचा जोर स्वतःत जिरवायची आणि पुन्हा मूळ मापावर यायची. हळूहळू हेलकावे कमी झाले. डोली सुखरूप पलीकडे पोचली.

"फार सोसलंस गं. दुखलं का?" पुलानं विचारलं.

"हिसके जिरवून थोडी तापलेय. होईन गार."

दोर ओशाळून म्हणाला, "बाई, मी नुसतं वजन पेललं. पुलाला सावरलंस तू. अशीच माझ्या शेजारी राहा."