चौसष्टावे दार

एकदा एका मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, एका साप्ताहिकाच्या कचेरीत खिडकीलगतच्या टेबलावर बसून एका तरुण परीक्षक बाईने एका गावाचा निकाल लावला. सात मिनिटांत.

तिचे काम असे: कोणी एकट्यादुकट्याने घरी बसून बनवलेले, फुकट ठेवलेले, फारसे कोणाला ठाऊक नसलेले संगणकावरचे खेळ शोधायचे आणि त्यांतले पाच दर आठवड्याला वाचकांना सुचवायचे. अशा खेळांत शत्रू नसतो, गुण नसतात. एक अनोळखी जागा असते आणि तीत हिंडायचे असते. पण हिंडण्याचे खेळ ती धावत खेळे. डाव्या करंगळीखाली शिफ्टची कळ दाबून धरली की पडद्यावरचा माणूस पळतो. सगळे परीक्षक असेच खेळतात, असे ती म्हणे. दुर्दैवाने ते खरेही होते.

त्या दिवशीच्या खेळाचे नाव होते ‘चालत या’. एक उतरती गल्ली, दोन्ही अंगांना मिळून चौसष्ट बंद दारे, शेवटी नदी. बनवणाऱ्या बाईने सोबत चिठ्ठी धाडली होती: ‘वर्षभरात अकरा जणांनी उघडला. दाराशी कोणीच थांबलं नाही. तुम्हालाही काही वाटलं नाही, तर महिनाअखेर काढून टाकीन.’ खाली तिचे आणि तिच्या गावाचे नाव, आणि फोनचा क्रमांक. परीक्षक नदीपर्यंत पळाली, तिने नाव आणि गाव लेखात उतरवून घेतले आणि शेवटची ओळ लिहिली: ‘रिकामे गाव. आत कोणी नाही.’

लेख त्या चिठ्ठीसकट तपासायला दाजींकडे गेला. दाजी त्या कचेरीतले सर्वांत जुने मुद्रितशोधक. चाळीस वर्षे अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचत आलेले. लिहायचे कसे हे ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. दाजींचे बोट गावाच्या नावावर थबकले, मग शेवटच्या ओळीवर आले आणि तिथून हलेना. ते उठले. तिच्या टेबलाशी गेले, लोखंडी पट्टीने तिच्या कीबोर्डवरची शिफ्टची कळ उचकटली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

“दाजी! अहो, काय हे? ठीक आहात ना?”

“आता खेळ.”

“खेळ आहे तो, तुमचं प्रूफ नव्हे. बोट ठेवून कोण खेळतं?”

“पहिल्या दाराशी उभी राहा. मी सांगेपर्यंत हलू नकोस.”

“पाच वाजता पान जायचंय!”

“दरवर्षी बावन्न पानं जातात. उभी राहा.”

ती चरफडत उभी राहिली. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही. मग दाराआडून एका म्हातारीचा आवाज आला: “कोन हाय? ये की आत. पाय धू आधी, चिखल आनशील.”

परीक्षक चमकली, मग हसली. दुसऱ्या दाराआडून कोणी म्हणाले, “बस, च्या टाकलाय.” नवव्या दाराशी दोन जावा मिठावरून भांडत होत्या. पण गल्ली उतरत गेली तसे आवाज बदलले. “देव घे, जातं ऱ्हाऊ दे.” “अगं, पानी उंबऱ्याला लागलं.” “आमी निघालो, तुमी चालत या.”

तिचे हसू केव्हाच गेले होते.

चौसष्टावे दार नदीलगत. एवढ्या एकाच दाराला बाहेरून कडी होती. ती थांबली. आतून कोणी फळीवर थापा मारत होते. “कडी काढा. अवो, आत मानूस हाय. कडी काढा.”

तिने एकेक करून सगळ्या कळा दाबून पाहिल्या. “दाजी, हे उघडत का नाही?”

“त्या दिवशीही उघडलं नाही, मागाहून कानावर आलं,” दाजी म्हणाले. “धरणाचे दरवाजे ठरल्या तारखेच्या आधी मिटले. पाणी चढत होतं, लोक निघत होते आणि सरकारी माणसं गल्लीतून पळत होती. थाप मारायची, उत्तर यायच्या आत पुढचं दार, एखाद्याला जाता जाता कडीही. संध्याकाळी निवेदन आलं: गाव रिकामं, आत कोणी नाही. ते मी तपासलं. एक स्वल्पविराम घातला आणि छापायला सोडलं. दाराशी किती वेळ थांबलात, हे विचारलं नाही. आज तेच वाक्य, त्याच गावाच्या नावाखाली, तुझ्या हातचं वाचलं.” ते खुर्चीत बसले. “घराला बोलायला वेळ लागतो गं. तेवढ्यात आपण पुढं गेलेलो असतो. जिथं थांबलो नाही, तिथलं काही लिहू नये.”

तिने चिठ्ठीवरच्या क्रमांकावर फोन लावला. शेवटच्या दाराबद्दल विचारले.

“तुम्ही थांबलात तिथं?” खेळ बनवणारी बाई म्हणाली. “बाकी सगळ्यांनी आपापले शब्द पुन्हा बोलून दिले. त्या दाराला आवाज माझा आहे, कारण ते बोलायला कोणी उरलं नाही. एक म्हातारी एकटी राहायची. घर तिच्या नावावर नव्हतं. आई शेवटची निघाली, मला कडेवर घेऊन. हाक तिनं ऐकली, पण पाणी कमरेच्या वर होतं. आजही आई कुठलंही दार लावायच्या आधी आत हाक मारते.”

परीक्षकाने ‘आत कोणी नाही’ ही ओळ खोडली. त्या शुक्रवारी पाचच्या जागी एकच खेळ छापून आला, आणि खाली एवढेच: ‘इथे पळू नका. दाराशी थांबा.’ महिनाअखेर खेळ काढला गेला नाही. खिशातली कळ दाजींनी परत केली नाही, तिनेही मागितली नाही.

धरणाच्या कचेरीतल्या यादीत त्या गावची घरे त्रेसष्ट आहेत. चौसष्टाव्या दाराला बाहेरून कडी कोणी घातली, हे आजतागायत कोणीही सांगितलेले नाही.