डोहाची पाणमांजरे आणि वर्षभराचा पाहुणा

एका नदीकाठच्या गावात एक तरुण पाहुणा म्हणून आला आणि पुरते एक वर्ष पाहुणाच राहिला. त्याचे नाव शार्दूल. नाव वाघाचे, पण वाघ त्याने पाहिला होता तो पिंजऱ्यातला. तरी लहानपणापासून त्याला एकच ध्यास होता, की आपण रानातल्या जिवांना वाचवायचे आणि त्याच कामावर जगायचे. त्यासाठी तो चांगला शिकला. नातेवाईक म्हणाले, माकडे राखायला एवढे शिकावे लागते होय? मामाने तर गाड्यांच्या दुकानात त्याच्यासाठी जागाही बघून ठेवली. आईने मात्र एक वर्षाची मुदत दिली. वर्षभरात या कामात पाय रोवलेस तर ठीक, नाहीतर मुकाट्याने मामाच्या दुकानात.

एका संस्थेने त्याला वर्षभराच्या बोलीवर ठेवून घेतले आणि या गावी धाडले. गावाखाली नदीला जांभळीचा डोह होता. त्या डोहात पाणमांजरांची एकच जोडी उरली होती. दर वैशाखात देवीच्या उत्सवाला गावच्या लेकी माहेरी येत, आणि त्यांच्यासाठी गाव डोहात ब्लीचिंगची पांढरी पावडर टाकून मासे धरी. घटकाभरात सगळा डोह पांढरी पोटे वर करून तरंगे. लहानमोठा कुठलाच मासा वाचत नसे, आणि पुढे पाणमांजरांनी खायचे काय, हे कोणी विचारत नसे. ही पावडर थांबवणे एवढेच शार्दूलचे काम होते. संस्थेच्या विभावरीबाईंनी स्वच्छ सांगितले होते, गाव बदलले तर कायम होशील.

शार्दूल चैत्रात आला आणि कामाला भिडला. त्याने देवळात सभा घेतली, चित्रे दाखवली, पाणमांजराचे पिल्लू आईच्या पाठीवर बसून कसे पोहते ते सांगितले. बायकांनी पदर तोंडाला लावून कौतुक केले. सरपंच बयाजी उठून म्हणाले की पाव्हणं म्हणतात ते अगदी बरोबर आहे. पावडर नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असे शार्दूल म्हणाला, तर देवळातले सगळे हात वर गेले. एका आजोबांनी तर दोन्ही वर केले. त्या दिवशी शार्दूलने आईला फोन करून सांगितले की काम फत्ते झाले.

वैशाखात लेकी आल्या. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शार्दूल डोहावर गेला, तर पाणी पांढरेफटक आणि त्यावर माशांचा खच. तो तसाच धावत गावात आला. कोणी केले, असे त्याने घरोघर विचारले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. वाईट झाले म्हणाले, असे व्हायला नको होते म्हणाले. आणि दुपारी त्याला मानाने पंगतीत बसवून पहिली वाढ त्यालाच केली. ताटात डोहाचाच मासा होता.

शार्दूल त्या माशाकडे बघत बसला. खावा तर पाप, न खावा तर अपमान. ज्यांनी हात वर केले त्यांनीच पावडर टाकली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नाही. ही माणसे खोटारडी म्हणावीत तर इतकी प्रेमळ कशी, आणि प्रेमळ म्हणावीत तर असे कसे वागली? त्याला काही केल्या उलगडा होईना. शेवटी त्याने भाताखाली मासा झाकला.

पाणमांजरे वरच्या लहान डबक्यात गेली म्हणून कशीबशी वाचली. आणखी एक असा वैशाख त्यांना झेपणार नव्हता. शार्दूलने ठरवले की आपलेच काही कमी पडले. मग त्याने मोठे फलक लावले, नारळावर हात ठेवून शपथा घेवविल्या, घरटी एक संकल्पपत्र भरून घेतले. सह्या झाल्या, अंगठे झाले. एकानेही नाही म्हटले नाही. उलट प्रत्येक घरी चहा मिळाला, तोही जास्त साखरेचा. जितका होकार वाढे, तितका शार्दूलचा गोंधळ वाढे. घरी फोनवर आई विचारी, कसे चालले आहे, तर त्याला धड बरे सांगता येईना, धड वाईट सांगता येईना.

वर्ष भरत आले. सगळी संकल्पपत्रे पाहून विभावरीबाई खूश झाल्या. त्यांनी कळवले की असे शंभर टक्के होकाराचे गाव संस्थेला अजून मिळाले नव्हते. आपण स्वतः येतो, गावाचा आणि शार्दूलचा सत्कार करतो, आणि तिथेच त्याला कायम केल्याचे पत्र देतो. शार्दूल आनंदाने ही बातमी सांगायला बयाजींच्या घरी गेला. बातमी सांगता सांगता त्याला ओसरीवर त्यानेच लावलेला पाणमांजराचा फलक दिसला, आणि फलकाखाली ब्लीचिंग पावडरची नवी कोरी पोती दिसली.

त्याची नजर पोत्यांवर गेलेली बयाजींनी पाहिली. ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "तुम्ही पत्र घ्या पाव्हणं. आमची कुणाची हरकत न्हाई. तुमचं भलं झालं तर गावाला आनंदच हाय."

आता शार्दूल खरा कात्रीत सापडला. कागद खरे होते, सह्या खऱ्या होत्या. गप्प बसले की पत्र हातात, आणि वैशाखाच्या आत दुसऱ्या गावी बदली. पुढे मोठ्या पदावर जाऊन शंभर डोह वाचवता येतील, मग एका डोहाचे काय एवढे, असे एक मन म्हणे. या डोहातली पाणमांजरांची जोडीच मेली तर शंभर डोहांची भाषा कुठल्या तोंडाने करणार, असे दुसरे मन म्हणे. खरे बोलले की मामाचे दुकान दारात उभे. तीन दिवस त्याला अन्न गोड लागले नाही.

सत्काराच्या दिवशी मांडव भरला. विभावरीबाईंनी गावाची तोंडभरून स्तुती केली आणि शार्दूलला बोलायला सांगितले. तो उभा राहिला.  तो म्हणाला, "बाई, ही संकल्पपत्रे खरी आहेत, पण गाव बदललेले नाही. यंदाही पावडर पडणार. यात गावाची चूक नाही. मी वर्षभर यांना नुसते सांगत राहिलो. तुमची अडचण काय, असे एकदाही विचारले नाही. मला शाल नको."

 विभावरीबाईंचा चेहरा पडला. त्यांनी कायम केल्याचे पत्र पिशवीत परत ठेवले, वैशाख संपला की सामान आवरायला सांगितले आणि गाडीत बसल्या. बयाजी पागोट्याचे टोक चाळवत खाली बघत राहिले. त्या गावाने पाहुणे पुष्कळ पाहिले होते. स्वतःवर ठपका घेऊन गावाला सोडवणारा त्याने पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाई शार्दूलच्या खोलीवर आली. उत्सवाच्या पंगतीची व्यवस्था वर्षानुवर्षे तिच्याकडे असे, आणि तिचा शब्द गावात कोणी मोडत नसे. आज तिच्या हातात चहा नव्हता. ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, "न्हाई."

शार्दूलला कळेना. कसले नाही?

"पावडर थांबवायची न्हाई. आम्ही टाकणार."

वर्षभरात ऐकलेला हा पहिला नकार होता. वाईट वाटायला हवे होते, पण शार्दूलला एकदम मोकळे वाटले, आणि मोकळे का वाटावे हेही त्याला समजेना. त्याने विचारले, मग इतके दिवस सगळे हो का म्हणत होते?

"पाव्हण्याच्या तोंडावर कोण न्हाई म्हणतंय? न्हाई आपल्या माणसाला म्हणत्यात, लेका."

मग तिने सगळे सांगितले. डोहाचा मासा पानात पडल्याखेरीज लेक माहेरी आली असे त्या गावात धरत नसत. पूर्वी बांबूचे सापळे लावून आठवडाभर मासे धरायचे. मोठा मासा सापळ्यात येई, बारका फटीतून निसटे, डोह भरलेला राही. पण त्याला चाळीस माणसांचे हात लागत. ते हात आता शहरात कामाला गेले. मागे राहिली म्हातारीकोतारी. त्यांना पाण्यात उभे राहवत नाही, आणि पावडर एकटा माणूस तासाभरात टाकतो. लेकींना कोरड्या पानावरून उठवायचे काय, असे ठकूबाईने विचारले.

 पूर्वीचा शार्दूल असता तर त्याने एक फलक काढून दाखवला असता. या वेळी त्याने विचारले, लेकींना सापळे लावता येतात का?

ठकूबाई हसली. बापाच्या मागे डोहातच वाढल्या त्या, म्हणाली. पण लगेच मान हलवून तिने दुसऱ्यांदा नाही म्हटले. माहेरवाशिणीला कामाला लावत नाहीत, लोक नावे ठेवतील. शार्दूलने हट्ट धरला नाही. ठकूबाई जायला उठली आणि पुन्हा उंबऱ्यावर टेकली. ती स्वतःही कोणाची तरी लेक होती, आणि तिचे माहेर दोन दिवसांतच संपायचे, हे तिला आठवले असावे. ती आपल्याशीच म्हणाली, "सापळ्याला आठवडा लागतोय. म्हणजे पोरींना आठवडाभर आधी बोलवायला लागंल. काम गावाचं म्हटल्यावर सासरचं कोण अडवंल?"

घरोघर फोन झाले. आठ दिवस माहेर मिळणार म्हटल्यावर एकही लेक मागे राहिली नाही. पदर खोचून त्या डोहात उतरल्या, म्हातारे काठावर बसून सापळे विणून देऊ लागले, आणि चुकले की लेकींच्या शिव्याही खाऊ लागले. इतकी हसण्याखिदळण्याची गर्दी डोहाने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. बयाजींनी पोती उचलून पावसाळ्यात विहिरीचे पाणी शुद्ध करायला म्हणून ठेवून दिली. मासे मात्र कमी मिळाले. बयाजींच्या पानात शेपटी तेवढी आली आणि त्यांनी कुरकुरही केली. पण शेपटी का होईना, प्रत्येक पानात डोहाचा मासा होता.

पंगत बसली तेव्हा शार्दूल सवयीने पाटावर जाऊन बसला. ठकूबाई कडाडली, "उठ की रं. घरची माणसं मागनं जेवत्यात. वाढायला घे."

शार्दूल उठला. भाताचे घमेले कमरेवर घेऊन वाढता वाढता त्याचे डोळे भरून आले, आणि वाफेवर खापर फोडून त्याने ते पुसले.

आषाढात डोहाच्या कडेला पाणमांजरीमागे दोन पिल्ले दिसली. ठकूबाईने ही गोष्ट स्वतः विभावरीबाईंना फोनवर सांगितली, आणि संस्थेकडून शार्दूलला आणखी एक वर्ष मिळाले. आईनेही मुदत तेवढीच वाढवली. कायम तो अजूनही झालेला नाही. आई फोनवर विचारते, तू तिथे नक्की करतोस तरी काय? तेव्हा तो जरा गोंधळतो आणि म्हणतो, विचारतो. आणि लोक नाही म्हणाले, की बसून ऐकतो.

तात्पर्य: पाहुण्याला होकार मिळतो, आपल्या माणसाला खरे कारण मिळते, म्हणून कुणाची सवय बदलायची असेल, तर आधी आपले अपयश खरे सांगावे आणि समोरच्याचा नकार ऐकण्याइतके त्याचे व्हावे.