भट्टीतून आलेला खडा

फार पूर्वी जोहऱ्याच्या खिडकीत एक खडा आणि त्याची आई, म्हणजे तो जिच्यातून निघाला ती काळी शिला, शेजारी राहत. वळला की खडा कधी निळा, कधी जांभळा, तर कधी तांबूस दिसे. तांबूस बाजू दिसली की गिऱ्हाइकं नाक मुरडत.

"आई, भट्टीत जाऊन तेवढा रंग घालवून येतो."

"अरे, त्याच रंगावरून मी तुला ओळखते."

"तुझं आपलं काहीतरीच!"

खडा भट्टीतून निळाजांभळा, लखलखीत होऊन आला. गिऱ्हाइकांची रीघ लागली.

"आई, बघ ना!"

"उजेड अडवू नका, महाराज. माझा लेक भट्टीतून यायचाय."

"मीच गं तो!"

तो वळून वळून दाखवू लागला. निळा झाला, जांभळा झाला, पुन्हा निळा झाला.

शिला भट्टीकडेच बघत राहिली.